चार डिग्री थंड हवा

पाईप मी केला होता. एवढं एक वाक्य लिहायला मला अख्खं आयुष्य लागलं, तेव्हा आता मला सलग सांगू द्या. माझा स्वभाव तापट. मध्ये कोणी तोंड घातलं की माझा धागा तुटतो आणि मग मूळ गोष्ट राहते बाजूला, मी त्या माणसावरच करवादत बसतो. घरचे म्हणतात, म्हातारा झाला तरी याचं इंजिन काही थंड होत नाही. म्हणू देत.

देश स्वतंत्र होऊन पाच-सात वर्षं झाली असतील. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळं रान चांद्यातच, म्हणजे आताच्या चंद्रपुरातच, मोडायचं. मी चांद्याला एका गॅरेजमध्ये मिस्त्री होतो. माझा भाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, एका लाकडाच्या ठेकेदाराचा ट्रक चालवायचा. मूलकडच्या रानात सागाचे लठ्ठे भरायचे आणि चांद्याच्या डेपोत आणून टाकायचे, हे त्याचं काम.

आमचं गाव आरमोरीजवळचं, आणि घर तळ्यातल्या मासोळीवर जगणारं. तिथली रीत अशी होती की तळं सगळ्या घरांनी मिळून घ्यायचं, पण वाटा मात्र त्याच घराला, ज्या घरचा माणूस जाळं ओढायला पाण्यात उतरेल. भाऊ लढाईच्या वर्षांत फौजेत गेला, तिथं मोटार चालवायला शिकला आणि परत आला तो जाळ्याकडे पाठ फिरवूनच. गावच्या चार म्हाताऱ्यांसमोर उभं राहून त्यानं सांगून टाकलं, "माह्यावाला वाटा सोडला मी. आता माहं पोट चाकावर." त्या दिवशी वहिनीनं चूल पेटवली नाही. सोडलेला वाटा दुसऱ्या घरात गेला की परत येत नाही, हे तिला ठाऊक होतं. भाऊलाही ठाऊक होतं. म्हणून सांगतो, ट्रक ही त्याची नुसती नोकरी नव्हती. ट्रक हातातून गेला असता तर मागं फिरून उभं राहायला त्याला कुठंही जागा उरली नव्हती.

मला गॅरेजमध्ये चिकटवलं तेही त्यानंच. बाप गेल्यावर मी गावात उनाडक्या करत फिरत होतो. भाऊनं कान धरून चांद्याला आणलं आणि मालकासमोर उभं केलं. म्हणाला, "याचं डोकं गरम आहे जी, पण हात चांगला आहे." माझ्याबद्दल इतकं नेमकं पुढं कोणी बोललं नाही.

आता त्या ट्रकविषयी. लढाई संपल्यावर फौजेनं लिलावात काढलेलं ते धूड, पेट्रोलवर चालणारं, अंगावरचा हिरवा रंगही तसाच. थंडीत शहाण्यासारखं चालायचं. उन्हाळा लागला की नाटकं सुरू. चांद्याचा उन्हाळा ज्यानं काढला नाही त्याला मी कुठवर समजावू? नळीतल्या नळीत पेट्रोलची वाफ व्हायची आणि इंजिन दोन उचक्या देऊन बंद पडायचं. सगळ्या ड्रायव्हरांचा त्यावर एकच उपाय, पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं आणि दर दोन-चार मैलांवर उतरून त्यावर पाणी ओतायचं. भाऊच्या सीटखाली त्यासाठी पाण्याचा डबा कायम भरलेला असायचा.

फडक्यानं सपाटीवर भागायचं. पण रानातून येताना एक नाला लागायचा आणि नाला ओलांडला की लगेच उभा चढ. भरलेला ट्रक त्या चढावर अर्ध्यात दम टाकायचा. टाकला की मागं घसरू लागायचा, मग लठ्ठ्यांवर बसलेले हमाल पटापट उड्या टाकून चाकामागं लाकडाचे ठोकळे सारायचे. एका एप्रिलात असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी लठ्ठे बांधलेली साखळी तुटून त्यातले दोन खाली नाल्यात गेले. कोणी मेलं नाही, हे नशीब. ठेकेदारानं भाऊला बोलावून दोन शब्दांत सांगितलं, आता पुन्हा चढावर गाडी थांबली तर दुसरा ड्रायव्हर बसवतो.

भाऊ तसाच गॅरेजच्या मागच्या अंगाला आला. विडीही पेटवली नाही. "लहान्या," म्हणाला, "गाडी खराब नाई बे. थकून राह्यली. काऊन थकते, तेवढं मले सांग."

मला तर असाच प्रश्न पाहिजे होता. मी बॉनेट उघडून त्याला दाखवलं. इंजिन पेट्रोल पितं हे सगळ्यांना दिसतं, पण त्याच्या कितीतरी पट ते हवा ओढतं, आणि ती हवा कुठली? बॉनेटच्या आतलीच. रेडिएटरमधून तापून आलेली, इंजिनाच्याच अंगाला लागून अजून तापलेली. तापलेली हवा विरळ. छातीभर ओढली तरी पुरत नाही. मे महिन्यात भर दुपारी तोंडावर गोधडी घेऊन पळायला लावलं तर माणसाचं जे होईल ते त्या इंजिनाचं होत होतं. मी म्हणालो, "भाऊ, याले बाहेरची हवा देऊ. नळी काढू बाहेर." तो म्हणाला, "जमन काय?" मी म्हणालो, "मी हाओ ना." तेव्हा माझं वय बावीस-तेवीस, आणि अंगात मस्ती चांगली.

अडचण एकच होती. ठेकेदाराच्या सगळ्या गाड्या आमच्याच गॅरेजात यायच्या आणि मालकानं त्याला शब्द दिला होता की गाडीत न विचारता काही बदलणार नाही. कंपनीनं जसं दिलं तसं ठेवायचं. मी एकदा मालकाला नुसतं विचारून पाहिलं तर तो माझ्यावरच उखडला, "फार शहाणा झालास का? एक खिळा जरी जास्तीचा ठोकलास तर दुसऱ्या दिवशी येऊ नकोस." तेव्हा जे करायचं ते रविवारी, गॅरेज बंद असताना आणि कोणाला न सांगता. हमालांना भाऊ चूप बसवणार होता. रानातल्या गाड्यांना पावसाआधीची घाई, त्यांना रविवार नव्हता.

आमच्या गल्लीत टीनकाम करणारा एक म्हातारा होता, सगळे त्याला चाचा म्हणायचे. कंदील, बादल्या, नरसाळी असलं करायचा. मी त्याला रॉकेलच्या डब्यांच्या पत्र्याची मनगटाहून जाड नळी करायला सांगितली, दोन ठिकाणी वळण असलेली. त्यानं माझ्याकडं चष्म्यावरून पाहिलं. "इंजन को हुक्का पिलाएगा क्या?" म्हणाला. पण नळी अशी केली की बोट फिरवलं तरी सांधा कळू नये. एक तोंड मी इंजिनाच्या हवेच्या गाळणीवर बसवलं, दुसरं पुढं काढलं. पहिल्याच खेपेहून येऊन भाऊ म्हणाला, "जबर ताकद आली बे." पण माझा त्याच्या बोलण्यावर भरवसा नव्हता. मी केलं म्हणजे चांगलंच, असं त्याचं असायचं. मी नुसता पत्रा वाजवून दिला असता तरी त्याला ताकद आल्यासारखी वाटली असती. मला मोजून पाहायचं होतं.

मोजायला थर्मामीटर हवा. तापाचा थर्मामीटर त्या हवेत फुटला असता. शेवटी हायस्कूलचे विज्ञानाचे एक मास्तर धावून आले. त्यांच्या सायकलचं वाकलेलं चाक मी सरळ करून दिलं होतं, तेवढीच ओळख. शाळेचा लांब काचेचा थर्मामीटर कापसात गुंडाळून त्यांनी आणला आणि अट घातली, "हा जिथं जाईल तिथं मी येणार." उन्हाळ्याची सुट्टी होती, बायको माहेरी होती, आणि मला वाटतं त्यांना वर्गाबाहेर काहीतरी खरं बघायचं होतं. डोक्याला पंचा बांधून, मांडीवर वही घेऊन ते भाऊच्या शेजारी बसले.

पहिल्या रविवारी पाईप काढून ठेवला आणि जशी होती तशी गाडी मोजली. गाळणीपासून कार्ब्युरेटरकडं जाणाऱ्या रबरी नळीला मी भोक पाडलं, त्यात बुचातून थर्मामीटर खुपसला आणि मडगार्डवर पालथा पडून वाचू लागलो. बॉनेटची एक बाजू उघडीच ठेवली होती, नाहीतर दिसणार कसं? मास्तरांनी गाडी थांबवायला लावली. "बॉनेट उघडं ठेवलंस तर तू रस्त्यावरची हवा मोजतोयस. इंजिनाची नाही." मला राग आला, कारण ते बरोबर होतं. मग बॉनेटच्या जाळीच्या एका फटीतून काचेची दांडी बाहेर येईल असं बसवलं आणि फटीला डोळा लावून वाचलं. माझ्या पोटाला मडगार्डच्या पत्र्याचे चटके बसत होते आणि भाऊ आतून विचारत होता, "भाजला काय रे पुरा, का अजून एक पलटी मारतो?"

मास्तरांचं एकच म्हणणं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रस्ता तोच, वेळ तीच, वजन तितकंच, गियर तोच. बाकी सगळं जागच्या जागी. आम्ही ते पाळलं. बाहेर सावलीत फॅरनहाइटच्या मापानं एकशे बाराच्या आसपास असताना त्या चढावर इंजिनात शिरणारी हवा दीडशेच्याही वर निघाली. भाऊला आकड्यातलं फार कळत नव्हतं, पण दीडशे ऐकून त्यानं स्टिअरिंगवरून हात फिरवला, आजारी माणसाच्या पाठीवरून फिरवतात तसा.

दुसऱ्या रविवारी पाईप लावून. सपाटीवर पारा असा खाली आला की मी मडगार्डवरच ओरडलो. पण चढावर गाडी रांगायला लागली आणि पारा पुन्हा चढत चढत जुन्याच जागी येऊन बसला. माझं तोंड उतरलं. पळताना पुढून वारा घुसतो, तेव्हा ठीक. रांगताना वारा नाही, आणि पत्र्याची नळी सायलेन्सरच्या नळीजवळून जात होती ती आतल्या आत तापत होती. म्हणजे जिथं गरज तिथंच उपयोग शून्य. भाऊची "जबर ताकद" म्हणजे माझ्यावरची माया होती, दुसरं काही नाही. तरी तो म्हणाला, "चालते रे, थोडी तं थोडी."

चालते म्हणे. मला ते थोडं नको होतं. आठवडाभर मी खाताना, झोपताना त्या नळीचाच विचार केला. नळीचा रस्ता बदलून सायलेन्सरपासून दूर नेला. वरून काथ्याचा दोर घट्ट गुंडाळला, त्यावर माती आणि शेणाचा लेप दिला, वाळवला, पुन्हा दिला. आता प्रश्न राहिला पुढच्या तोंडाचा. ते ठेवायचं कुठं? दोनच जागा होत्या. एक वर, काचेच्या बाजूनं टपापर्यंत नेलेली. दुसरी खाली, डाव्या दिव्याच्या खालच्या अंगाला, बंपरच्या वीतभर वर.

तिसऱ्या रविवारी दोन्ही जागा मोजल्या, वरची पहिल्या खेपेला, खालची दुसऱ्या खेपेला. मधल्या वेळात ट्रक नाल्याच्या काठावरच्या झाडाखाली उभा करून आम्ही जेवायला बसलो, आणि बसलो कुठं, तर नाल्यात. पात्र कोरडं ठाक पडलं होतं, वाळू गार लागत होती. भाकरी, कांदा, सुकटाची चटणी. मास्तरांनी सुकट कधी खाल्लं नव्हतं, ते नाक धरून खाऊ लागले तेव्हा भाऊ हसून लोळायचा राहिला होता. त्याला तसं हसताना मी नंतर पाहिलं नाही.

जेवण झाल्यावर खालची जागा मोजली. चढावर, रांगताना, भर वजनात, पारा एकशे बावीसच्या पुढं गेला नाही. वरच्या जागेपेक्षा चार डिग्री कमी. बॉनेटमधून निसटणारी गरम हवा वर जाऊन थोडी थोडी त्या वरच्या तोंडात शिरत होती, म्हणून. शिवाय वरची नळी लांबून दिसायची. खालची कोणाच्या डोळ्यावर येणार नव्हती. मी म्हणालो, खालची. मास्तरांनी वही मिटली आणि विचारलं, "अजून काही तपासायचं राहिलं का?" मी म्हणालो, "आता नुसतं चालवायचं राहिलं."

त्या नाल्याच्या वाळूचे कण आमच्या तिघांच्याही कपड्यांना चिकटलेले होते. आम्ही पाण्याच्या जागेत बसून जेवलो होतो आणि एकाच्याही मनात पाणी आलं नाही. मास्तरांना मी दोष देत नाही, ते शहरात वाढलेले. पण आम्ही दोघं भाऊ? तळ्याच्या काठी जन्मलो, पोहणं आधी शिकलो आणि चालणं मग. अंगठ्यानं चिखल दाबून पाणी उद्या किती चढेल ते सांगणाऱ्या घरातली आम्ही पोरं. मास्तर एका वेळी एकच गोष्ट बदला म्हणाले, ती आम्ही बदलली, आणि रस्ता तोच राहणार असं धरून चाललो. रस्ता कुठं तोच राहतो आमच्याकडं? अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

पाऊस लागेपर्यंत ट्रक एकदाही चढावर थांबला नाही. ठेकेदारानं भाऊला सगळ्यांदेखत शाबासकी दिली. भाऊ मला भेटला की नुसता हसायचा, आणि कोणी विचारलं की म्हणायचा, "गाडीले थंडी भरली आता." जूनमध्ये मास्तरांची बदली झाली, पावसाळ्यात रानातले रस्ते बंद झाले, ट्रक डेपोत उभा राहिला, भाऊ गावाला गेला.

दिवाळीनंतर रस्ते उघडले. कामावर निघण्याच्या आदल्या दिवशी भाऊ माझ्याकडं आला होता. म्हणाला, "आता थंडीचे दिवस. पाईप काढून टाकू काय रे?" त्यानं विचारलं होतं. त्याच्या मनात कुठंतरी काहीतरी आलं असणार, नुसतं ओठावर येत नव्हतं. मी एका फटक्यात त्याचं तोंड बंद केलं. "काऊन? चांगली चालून राह्यली ना? मंग कायले हात लावतं?" माझं काम काढून ठेवायचं म्हणजे मला अपमान वाटला. तो म्हणाला, "बरं बापा, राहू दे."

नाल्याला तेव्हा मांडीभर पाणी होतं. भाऊनं असं पाणी शंभर वेळा ओलांडलं होतं. इंजिनावर पाणी उडू नये म्हणून पंख्याचा पट्टा सोडायचा, पहिला गियर टाकायचा, ॲक्सिलरेटरवरचा पाय हलवायचा नाही, आणि पाणी बंपरला लागेपर्यंत काळजी नाही. हे त्याचं जुनं माप, आणि त्याप्रमाणं त्यानं सगळं बरोबर केलं. पण भरलेला ट्रक पाण्यात शिरला की पुढं पाण्याचा फुगा उठतो. तो बंपरच्या वीतभर वर सहज जातो. मी जिथं तोंड ठेवलं होतं तिथपर्यंत.

हमालांनी सांगितलं, एकच धप्प आवाज झाला आणि गाडी मध्येच मुकी झाली. भाऊ पाण्यात उतरला, पुढून इंजिन फिरवायचं हँडल घातलं, ते तसूभर फिरेना. तेव्हा त्यानं वाकून पाईपच्या तोंडात हात घातला म्हणे, आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला. गावातून हेल्यांच्या, म्हणजे रेड्यांच्या, चार जोड्या आणून गाडी बाहेर ओढली.

ती आली आमच्याच गॅरेजात, दुसऱ्या ट्रकला बांधून. इंजिनाचं हेड मीच उघडलं. आत पिस्टनवर पाणी साचलेलं. हवा दाबली तर दबते, पाणी दबत नाही. दोन रॉड वाकले होते आणि ब्लॉकला चीर गेली होती. म्हणजे इंजिन गेलं. मागं मालक उभा, ठेकेदाराचा दिवाणजी उभा, आणि भाऊ जरा बाजूला, पायात अजून चिखल. दिवाणजीनं पाईप उपसून काढला, वरचा लेप गळून पडला. त्यानं विचारलं, "हा शहाणपणा कोणाचा?"

माझ्या हातात पाना होता. मला सगळं ऐकू येत होतं, नीट.

भाऊ म्हणाला, "माहा जी. मीच लावला."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोनी नाई. माह्याच डोस्क्यातलं."

मग मालक माझ्याकडं वळला. "तू याचा भाऊ. तुला माहीत होतं?"

मी म्हणालो, "नाही."

भाऊनं माझ्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी बोललो असतो, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे. मी बोललो नसतो.

त्याला तिथल्या तिथं काढलं. मी त्याच्या मागं रस्त्यापर्यंत गेलो. तो म्हणाला, "तू चूप राह्य. दोघं बी बाहेर झालो तं मंग घर कोन चालवन? एकानं तं इंजिनापाशी राहावं." माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला. आणि मला काय वाटलं, तेही लिहितो. मला हायसं वाटलं. लाज नंतर आली, रात्री आली, पुष्कळ आली. पण आधी हायसंच वाटलं.

आठवड्याभरात चाचा गॅरेजसमोरून जाताना थांबला. त्यानं सगळं ऐकलं होतं. आवाज न चढवता म्हणाला, "तेरा भाई झूठ अच्छा बोलता है, बेटा. तू उससे भी अच्छा." त्यानंतर त्या म्हाताऱ्यानं मला कधी दुकानात बसवलं नाही. मी त्याच्यावर चिडलो, घरी येऊन आदळआपट केली, त्याला नावं ठेवली. दुसरं काय करणार होतो?

गाडीच्या इंजिनात स्वतः हात घालणारा ड्रायव्हर, अशी भाऊची ख्याती झाली. चांद्यात, मूलला, आलापल्लीपर्यंत त्याला कोणी गाडी दिली नाही. तो गावाला गेला, त्याच म्हाताऱ्यांसमोर उभा राहिला. त्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, पण वाटा दुसऱ्या घरात गेला होता आणि त्या घरची माणसं पाण्यात उतरत होती. मग तो बल्लारशाला बांबूच्या डेपोवर हमालीला लागला. मी दोनदा भेटायला गेलो. दोन्ही वेळा त्यानं मला माझ्याच कामाबद्दल विचारलं, कोणती गाडी आली, काय बिघाड होता, कसा काढला. मी सांगायचो आणि तो मान हलवत ऐकायचा. त्याच्या खांद्यावर बांबूनं सोलून घट्टा पडला होता. मी दोन्ही वेळा ठरवून गेलो होतो की आज मालकाकडं जाऊन खरं सांगतो, असं त्याला म्हणायचं. दोन्ही वेळा परतीच्या गाडीत बसल्यावर आठवलं, किंवा आठवलं असं मी केलं. त्याच साली मालकानं मला मोठा मिस्त्री केलं.

वहिनी गावातच होती. तिनं तो ट्रक कधी पाहिला नव्हता, पाईप तर नाहीच. जे भाऊनं सांगितलं तेच तिला माहीत. ती त्याला घालूनपाडून बोलायची, विहिरीवर बायकांना सांगायची, चांगली चाललेली गाडी यानं हातानं मारली, मोठा इंजिनिअर बनायला निघाला होता. भाऊ घरी आला की हे सगळं ऐकून घ्यायचा. तिला एकदाही खरं सांगितलं नाही, हे मला नंतर कळलं, आणि कसं कळलं ते सांगून मी थांबतो.

तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात भाऊला डेपोवर हिवताप झाला. मला निरोप पोचेपर्यंत तो संपला होता. अंगावर पांघरलेली घोंगडी तेवढी ओळखीची, बाकी माणूस ओळखू येत नव्हता. मी माझ्या हातानं अग्नी दिला.

तेरवीला गावची माणसं जेवून उठली. मग वहिनीनं मला बसवलं आणि स्वतः वाढायला आली. ती पार वाळली होती. वरण वाढता वाढता थांबली आणि खाली बघतच म्हणाली, "मी लय बोलली जी त्यायले. जीव जायेपर्यंत बोलली. तुमी शिकलेले मिस्त्री. तुमी तिथी असते भाऊजी, तं असा पाईप त्यायले लावू देला नसता."

तोंडात घास होता. तेव्हा तिथं आम्ही दोघंच होतो, तिसरं कोणी ऐकणारं नव्हतं, आणि मोठा मिस्त्री म्हणून बस्तान बसल्यावर आता मला कामावरून काढणारंही कोणी उरलं नव्हतं. एक वाक्य बोललो असतो तर तिचा नवरा तिला परत मिळाला असता. मेलेला का होईना, पण खरा.

मी घास गिळला आणि म्हणालो, "नाई वहिनी. लावू देला नसता."

तिनं मान हलवली आणि माझ्या पानात आणखी भात वाढला.